पीएचडीनंतर वर्षभर बसून लिहायला जागा हवी असेल तर

व्हायवाची तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले, पदवी मिळाल्याचं नोटिफिकेशन हातात आलं. पुढच्या सोमवारपासून पुन्हा तासिका तत्त्वावरचे तास, दोन कॉलेजांमधली धावपळ आणि परीक्षा संपल्या की पेपर तपासायला कॅप सेंटर. रेक्झिनच्या बांधणीतला प्रबंध कपाटात जातो आणि त्याचं पुस्तक करू करू म्हणता पाच वर्षं निघून जातात. पीएचडी चालू असते तोवर जेआरएफ, बार्टी, सारथी, महाज्योती अशा कुठल्या तरी शिष्यवृत्तीचा आधार मिळण्याची आशा असते. पदवी मिळाली की तो आधारही सुटतो. विचार करायला शिकलेल्या माणसाला नेमकी त्याच वेळी विचार करायला सवड उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

या टप्प्यावरच्या अभ्यासकांसाठी जगात एक जुनी, चांगली सोय आहे: निवासी पोस्टडॉक्टरल फेलोशिप. काही महिने किंवा एक-दोन वर्षं एखाद्या संस्थेत जाऊन राहायचं, दरमहा मानधन घ्यायचं, आणि आपलं काम करायचं. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, सार्वजनिक धोरण अशा विषयांत पीएचडी केलेल्यांना ती खुली असते. आपल्याकडची मुलं-मुली तिथे कमी दिसतात, आणि त्याचं कारण कुवत कमी पडते हे नाही. अर्ज कसा करतात हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. मी तीनदा अर्ज केला. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा दहा महिने मिळाले. त्यानंतर बऱ्याच जणांचे अर्ज वाचले, दुरुस्त केले. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते.

आधी ‘निवासी’ म्हणजे काय ते समजून घ्या

गोव्यात कोसबेनला जन्मलेले आणि पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९४९ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये काही काळ होते. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेत ना वर्ग भरतात, ना परीक्षा होतात, ना पदवी मिळते. आइन्स्टाइन १९३३ पासून अखेरपर्यंत तिथेच होते. माणसं यावीत, शेजारी शेजारी राहावीत, आपापलं काम करावं आणि येता-जाता एकमेकांशी बोलावं, एवढीच त्यामागची कल्पना. तिथे इतिहासाचं आणि समाजविज्ञानांचं अशी स्वतंत्र दालनं आहेत आणि अर्ज करणाऱ्याकडे पीएचडी असावी लागते.

त्याच कल्पनेचं आपल्याकडचं घर म्हणजे शिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. ऑब्झर्व्हेटरी हिलवरचा १८८८ साली पुरा झालेला व्हाइसरॉयचा वाडा. १९४५ ची सिमला परिषद याच वास्तूत भरली होती. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ही वास्तू अभ्यासकांना द्यायचं ठरवलं आणि २० ऑक्टोबर १९६५ रोजी संस्थेचं उद्घाटन झालं. पहिले संचालक होते इतिहासकार नीहाररंजन राय. फेलोला इथे जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं. आपल्या कामावर चर्चासत्रात बोलायचं आणि मुदत संपताना पुस्तकाएवढं हस्तलिखित संस्थेच्या हाती द्यायचं, हा रिवाज. नवख्यांनी पहिली नजर इथे टाकावी असं माझं मत आहे. व्हिसा लागत नाही, आपल्या पदव्या कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत, आणि हिंदी-इंग्रजीत गप्पा मारणारा शेजार मिळतो.

बर्लिनच्या विसेनशाफ्ट्सकोलेगमध्ये, म्हणजे १९८१ साली सुरू झालेल्या तिथल्या अशाच संस्थेत, फेलोंनी एकत्र जेवायला बसावं ही अपेक्षा लेखी असते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपली पंगत आठवली. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, पोस्टडॉक्टरल फेलोशिप यापेक्षा वेगळी: तिच्यात पैसे मिळतात आणि काम आपल्याच गावच्या विद्यापीठाशी किंवा संशोधन संस्थेशी जोडून घेऊन करता येतं. तीही उत्तमच. पण निवासी फेलोशिपमध्ये संस्था तुम्हाला दोन गोष्टी देते, सवड आणि शेजार. अर्ज वाचणारे लोकही हाच विचार करतात: या माणसाला सवड दिली तर काय उभं राहील, आणि हा माणूस शेजारी म्हणून कसा असेल? हे दोन प्रश्न डोक्यात ठेवलेत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

कुठे अर्ज करायचा हे ठरवताना

यादी पाहून डोळे फिरतात. जाहिरातीत एकच गोष्ट शोधा: संस्था तुमच्याकडून काय मागते?

प्रिन्स्टन आणि शिमला यांसारख्या ठिकाणी मुख्यतः तुमचं लेखनच मागतात. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सोसायटी ऑफ फेलोज इन द ह्युमॅनिटीजमध्ये मात्र पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवावंही लागतं. शिकवण्याची आवड असेल आणि पुढे प्राध्यापकी करायची असेल तर हा अनुभव सोन्यासारखा आहे, पण त्या वर्षात पुस्तक हळूच पुढे सरकतं, हे धरून चाला. फ्लॉरेन्सजवळ युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट आहे. तिचा २००६ पासूनचा माक्स वेबर कार्यक्रम खास नव्या डॉक्टरेटसाठी आहे: अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. लेख कसा लिहावा, वर्ग कसा घ्यावा, नोकरीचा अर्ज कसा करावा, याचंही तिथे शिक्षण देतात. आपल्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्यांना नेमकं हेच मिळालेलं नसतं, म्हणून मी हा कार्यक्रम आवर्जून सुचवते.

धोरणाच्या अभ्यासकांसाठी दारं थोडी वेगळी असतात. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधल्या बेल्फर सेंटरसारख्या ठिकाणी संशोधनाबरोबरच ‘याचा निर्णय घेणाऱ्याला काय उपयोग?’ हे विचारलं जातं. फ्लॉरेन्सच्याच संस्थेत पॉलिसी लीडर फेलोशिप आहे. तिच्यासाठी पीएचडीची अट नाही, त्यामुळे स्वयंसेवी संस्थेत, सरकारी खात्यात किंवा पत्रकारितेत काम करणाऱ्यांनीही तिचा विचार करावा.

काही दारं ठोठावून उघडत नाहीत. हार्वर्डच्या सोसायटी ऑफ फेलोजसाठी स्वतः अर्ज करता येत नाही, दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशच्या संस्थेची इसो लोम्सो फेलोशिप आफ्रिकेतल्या तरुण अभ्यासकांसाठी आहे. अशा ठिकाणी वेळ घालवू नका. आणखी एक गोंधळ टाळा: शिमल्याच्या संस्थेचं इंग्रजी लघुरूप आणि लायडनच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एशियन स्टडीजचं लघुरूप एकच आहे, आय.आय.ए.एस. लायडनची संस्था १९९३ साली स्थापन झाली, तीही आशियावर काम करणाऱ्यांना फेलोशिप देते, आणि शोधताना दोन्हींची पानं एकमेकांत मिसळून पुढे येतात. एका मुलाने लायडनची मुदत पाहून शिमल्याचा अर्ज बाजूला ठेवला होता.

पहिल्या वर्षी चार-पाच अर्ज पुरेत. पंधरा अर्ज एकाच साच्यातून काढले की तो साचा वाचणाऱ्याला दिसतो.

पीएचडीला किती वर्षं झाली?

नव्या अभ्यासकांच्या जवळजवळ प्रत्येक फेलोशिपला ही अट असते. अमेरिकेला जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरलला चार वर्षांच्या आत, माक्स वेबरला पाच वर्षांच्या आत, असं काहीतरी. आता आपल्याकडे पीएचडीच्या तारखा किती? प्रबंध जमा केल्याची एक, व्हायवाची दुसरी, नोटिफिकेशनची तिसरी, दीक्षान्त समारंभाची चौथी. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत कधी कधी दीड-दोन वर्षांचं अंतर पडतं. जाहिरातीत ‘पदवी प्रदान झाल्याची तारीख’ म्हटलं असेल तर ती कोणती धरायची, हे संस्थेला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बाळंतपण, लहान मूल, मोठं आजारपण यांसाठी अनेक संस्था मुदत वाढवून देतात. बायका हे मागत नाहीत. मागा. तो नियमच आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

कॅलेंडर उलटं मोजा

युरोप-अमेरिकेतलं शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि अर्जांची मुदत साधारण त्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये संपते. म्हणजे आज ज्याला पुढच्या गणपतीत तिकडे असायचं आहे, त्याचा अर्ज यंदाच्या दसरा-दिवाळीत गेला पाहिजे. नेमके हेच दिवस आपल्याकडे हिवाळी परीक्षांचे आणि पेपर तपासण्याचे. तुम्हीही अडकलेले, शिफारसपत्र देणारे सरही अडकलेले.

म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत प्रस्तावाचा पहिला मसुदा झालेला असावा. जूनमध्ये शिफारसपत्रांसाठी शब्द घ्यावा, जुलै-ऑगस्टमध्ये लेखनाचा नमुना तयार करावा, गणपतीच्या सुटीत सगळं एकदा मोठ्याने वाचावं. शेवटच्या रात्री पोर्टलवर चढवू नका. मुदत तिथल्या घड्याळाप्रमाणे असते आणि ती आपल्याकडे पहाटे संपते की दुपारी, याचा हिशेब दमलेल्या डोक्याने चुकतो.

प्रस्ताव

सगळा अर्ज या दोन-चार पानांवर उभा असतो, त्यामुळे इथे जरा थांबते.

माझा पहिला प्रस्ताव म्हणजे माझ्या प्रबंधाचा सारांश होता. मोडी कागदांतून दिसणाऱ्या स्त्रियांच्या वतनांवर मी काम केलं होतं. प्रकरण एकमध्ये काय, प्रकरण दोनमध्ये काय, निष्कर्ष काय, असं सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. नकार आला. मग एका ज्येष्ठ बाईंनी तो वाचून विचारलं, ‘हे सगळं तू केलेलंच आहेस, मग तिथे जाऊन काय करणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रबंध हे झालेलं काम असतं. प्रस्तावात पुढचं काम लागतं, त्याच मातीतून उगवलेलं असलं तरी.

दुसरी गोष्ट. तुमचा प्रस्ताव वाचणारी समिती तुमच्या विषयाची नसते. एखादा ग्रीक नाटकांचा अभ्यासक, एखादी कायद्याची प्राध्यापक, एखादा अर्थतज्ज्ञ. हुशार माणसं, पण पेशवाई म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. त्यांच्यासमोर शंभर-दोनशे प्रस्तावांचा गठ्ठा असतो. पहिल्या परिच्छेदात त्यांना तुमचा प्रश्न समजला पाहिजे आणि तो त्यांना आपलाही वाटला पाहिजे.

उदाहरण देते. समजा, कुणी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर काम करतो आहे. आपल्याकडच्या सवयीने सुरुवात अशी होते: ‘रोजगार हमी योजना ही महाराष्ट्र शासनाची एक महत्त्वाकांक्षी योजना असून प्रस्तुत संशोधनात तिचा चिकित्सक अभ्यास करण्यात येणार आहे.’ या वाक्यात चूक काही नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाती लागेल असंही काही नाही. आता हे बघा: ‘१९७५ पासून मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला आणि दुष्काळी तालुक्यात खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीला त्या पैशाचा आधार झाला. ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडणार नव्हती, त्यांच्यातल्या एका वर्गाने दुसऱ्याचा भार उचलावा, याला राजकीय संमती कशी मिळाली, हा माझा प्रश्न आहे.’ बास. मग दोन-तीन वाक्यांत १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, आणि देशभरासाठी २००५ साली झालेल्या कायद्याशी असलेलं त्याचं नातं. ज्याने महाराष्ट्र नकाशावरही पाहिलेला नाही, तोही आता पुढे वाचेल, कारण संपन्न शहरांनी गरीब खेड्यांसाठी कर का भरावा, हा प्रश्न त्याच्याही देशात आहे.

प्रश्नानंतर साधनं. इथे आपल्या लोकांना आपली श्रीमंती मांडता येत नाही, आणि माझा जीव तुटतो तो इथेच. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, १९१० सालचं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ सालची भांडारकर संस्था, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पणजीचं पुराभिलेखागार, तंजावरच्या सरस्वती महालातले मराठी-मोडी कागद. जगातल्या कितीतरी विद्यापीठांत या साधनांपर्यंत पोहोचणारा एकही माणूस नाही. तुम्ही मोडी वाचता, खेड्यातल्या म्हातारीशी तिच्या बोलीत बोलता, दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे चाळता, हे अर्जात एका ओळीत उरकू नका. मोडी म्हणजे काय, ती आज किती थोड्यांना वाचता येते, तुम्ही कोणते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहिले, त्यातून असं काय हाती आलं जे इंग्रजी कागदपत्रांत नाही, हे एक सबंध परिच्छेदभर लिहा.

मात्र साधनं गोळा करायला तिकडे जायचं नसतं. निवासी फेलोशिपमध्ये गावोगावी हिंडण्याला फारसा वाव नसतो. ‘मुलाखती झाल्या आहेत, कागदांची छायाचित्रं घेतली आहेत, आता लिहायला बसायचं आहे,’ असं म्हणता येईल तेव्हाच अर्ज करा. नंतर महिन्यांचं गणित द्या. दहा महिन्यांत एक सबंध पुस्तक लिहीन म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दोन प्रकरणं, एक लेख आणि प्रकाशकाला पाठवायचा प्रस्ताव, एवढं म्हणा आणि कोणत्या महिन्यात काय ते सांगा.

शेवटी, ‘इथेच का?’ संस्थेच्या कीर्तीची स्तुती नको, ती त्यांना माहीत आहे. तिथल्या ग्रंथालयातला अमुक संग्रह, कराच्या इतिहासावर काम करणारा अमुक गट, असं नेमकं काहीतरी हवं. नेमकं सापडत नसेल, तर बहुधा ती जागा तुमची नाही.

मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात संकोच असतो. संकोच करू नका. मराठी प्रबंध हा तुमचा कमीपणा नाही. पण समितीला वाचायला इंग्रजीत पंचवीस-तीस पानं लागतील. प्रबंधातलं सर्वांत धारदार प्रकरण निवडा आणि त्याचं भाषांतर करू नका. इंग्रजीत नव्याने लिहा. मराठी प्रबंधाची वाक्यरचना जशीच्या तशी इंग्रजीत गेली की ती लटपटते, ‘करण्यात आले आहे’ सगळीकडे पसरतं. वतन, बलुतं, गावकी, ओवी हे शब्द तसेच ठेवा, पहिल्यांदा आला की एका वाक्यात उलगडून सांगा. त्यांना जवळचा इंग्रजी शब्द शोधत बसलात तर अर्थ निसटेल. इंग्रजी चांगलं असलेल्या पण आपल्या विषयाबाहेरच्या मित्राला वाचायला द्या, आणि जिथे तो अडखळेल तिथे खूण करायला सांगा.

शिफारसपत्रं

सहसा दोन किंवा तीन लागतात. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ यात सरांचा दुष्टावा नसतो. त्यांना वेळ नसतो, आणि असं पत्र कसं असतं हे त्यांनाही कुणी दाखवलेलं नसतं. पण स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र ओळखू येतं. तीन पत्रांत एकाच हाताची भाषा दिसली की अर्ज तिथेच संपतो, आणि असं स्वतःच लिहून नेणं योग्यही नाही. त्याऐवजी सरांना दोन पानांचं टिपण द्या: प्रस्ताव, प्रबंधातले दोन महत्त्वाचे शोध, तुमच्या कामाबद्दल त्यांनी व्हायवाच्या वेळी किंवा चर्चेत काय म्हटलं होतं त्याची आठवण, आणि मुदत. ‘सर, तुम्हाला आठवतं ना, तो पाटण्याच्या परिषदेतला प्रश्न?’ एवढं पुरतं. त्यांच्या शब्दांत एक खरा प्रसंग आला की पत्र जिवंत होतं. ‘अत्यंत मेहनती, होतकरू व सुस्वभावी’ या तीन शब्दांनी आजवर कुणाची निवड झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

गाइडखेरीज एक तरी पत्र तुमच्या विद्यापीठाबाहेरचं असावं. तुमचा प्रबंध तपासणारे बाहेरचे परीक्षक हा सोपा मार्ग आहे: त्यांनी तुमचं काम पानापानाने वाचलेलं असतं. त्यांना नम्र ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. सरांचा ईमेल विद्यापीठाचा आहे की जीमेलचा, तेही आधी विचारा, कारण काही पोर्टलं संस्थेचाच पत्ता मागतात.

बायोडेटा

दोन-तीन पानं. जन्मतारीख, धर्म, जात, वडिलांचं नाव, फोटो, बढतीसाठीचे एपीआय गुण, रिफ्रेशर कोर्सची प्रमाणपत्रं, हे सगळं काढा. पंचवीसेक शोधनिबंध असतील तर त्यातले तुम्हाला खरंच अभिमान वाटतात तेवढेच वर ठेवा. पैसे भरून छापलेले निबंध ओळखू येतात.

नावाकडे मात्र लक्ष द्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पदवीवर आईचं नाव असतं, पासपोर्टवर तिसराच क्रम आणि लग्न झालेल्या बायकांचं तर आडनावच निराळं. अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव लिहा, लेखांवर एकच नाव ठेवा, आणि गरज पडेल तेव्हा दाखवायला नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

मुलाखत झालीच तर वीस-पंचवीस मिनिटांची, व्हिडिओवर. आपला प्रश्न दोन मिनिटांत, कागद न बघता सांगायचा सराव करा. घरातल्या एखाद्या दहावीतल्या भाचीला समजला तर समितीलाही समजेल.

निवड झाल्यावर

आनंद साजरा करा, आणि दुसऱ्या दिवशी पत्र ओळ न् ओळ वाचा. मानधन म्हणून मिळणार की पगार म्हणून? घरभाडं त्यातूनच जाणार का? आरोग्यविमा कुणी काढायचा? नवरा-बायको, मुलं सोबत आली तर घर पुरेल का? प्रवासखर्च आधी मिळतो की नंतर? हे विचारणं हावरटपणा नव्हे. परदेशात पहिल्या महिन्यात भाडं आणि अनामत रक्कम आधी भरावी लागते आणि पहिलं मानधन नंतर येतं, म्हणून दोन महिन्यांचे पैसे हाताशी हवेत.

अनुदानित कॉलेजात कायम नोकरी असेल तर खरी लढाई इथे आहे. संस्थेचा ठराव, प्राचार्यांचं ना-हरकत पत्र, विद्यापीठ, आणि उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय. रजा कोणत्या प्रकारची, त्या काळात वेतनवाढ आणि सेवाज्येष्ठता धरली जाईल का, परत आल्यावर किती वर्षं सेवेचा बॉण्ड, हे सगळं लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, जा तुम्ही’ यावर विसंबून निघू नका. माझ्या एका मैत्रिणीला परत आल्यावर वर्षभर त्यासाठी खेटे घालावे लागले. तासिकेवर असाल तर रजेचा प्रश्नच नाही, पण परत आल्यावर तास मिळतील याची हमीही नाही. त्यामुळे फेलोशिपच्या मधल्या महिन्यांतच पुढचे अर्ज सुरू करा.

परदेशासाठी पदवीची कागदपत्रं अनेक ठिकाणी आधी राज्य सरकारकडून साक्षांकित आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असा शिक्का घेऊन, मागतात. याला आठवडे लागतात, म्हणून निवडीची वाट न पाहता विद्यापीठातून मूळ प्रमाणपत्र काढून ठेवा. अमेरिकेला जे-१ व्हिसावर सरकारी पैशातून, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, गेलात तर नंतर दोन वर्षं मायदेशात राहण्याचा नियम लागू होतो. त्याशिवाय तिथला कामाचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा सहसा मिळत नाही. पुढचा बेत ठरवताना हे लक्षात असू द्या.

शिमल्याला जाणाऱ्यांनी थंडीला हलकं समजू नये. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच जागा, डिसेंबर-जानेवारीत बर्फ. पुण्याची थंडी त्यापुढे काहीच नाही. खिडकीत खाण्याचं काही ठेवलंत तर माकडं नेतील.

तिथे गेल्यावर

पहिला महिना हरवल्यासारखं होतं. बारा-पंधरा वर्षं घड्याळाच्या ठोक्यावर धावलेल्या माणसाला अचानक सबंध दिवस मोकळा मिळाला की तो घाबरतो. मी पहिले तीन आठवडे एक ओळही लिहिली नाही, रोज रडू यायचं. मग एका पोलिश शेजारणीने सांगितलं, सकाळी फक्त दोन तास लिही आणि उरलेला दिवस वाचन, चालणं, ग्रंथालय. तेव्हापासून गाडी सुरू झाली.

जेवणाला जा. चहाला जा. पंगतीत गप्प बसून पोळी मोडणारा माणूस सगळ्यांच्या ध्यानात राहतो, पण त्याला कुणी आपला निबंध वाचायला देत नाही. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, अवघडून महिनाभर ब्रेड-बटर खाऊ नका. दुसऱ्याच्या चर्चासत्रात एक तरी प्रश्न विचारा, मग तो मध्ययुगीन स्वीडनवर का असेना. माझ्या वतनांच्या प्रकरणाला सर्वांत मोठं वळण मिळालं ते सिसिलीतल्या विधवांच्या जमिनींवर काम करणाऱ्या एका मुलीशी भांडी विसळताना बोलून. आमची दोघींची कागदपत्रं सतराव्या-अठराव्या शतकातली निघाली आणि दोन्हीकडे दत्तकावरूनच भांडणं पेटलेली.

नकार आला तर

येईल. चांगल्या अर्जांनाही येतो. पाच-सहा ओळींचं गुळगुळीत पत्र असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. आठवडाभर ते बाजूला ठेवा, मग दोन ओळींचं उत्तर लिहा: आभार, आणि परीक्षकांचे काही शेरे मिळू शकतील का. काही संस्था देतात. त्याच संस्थेत पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सहसा बंदी नसते, तरीही नियम बघून घ्या.

माझ्या दुसऱ्या नकाराबरोबर एकच शेरा आला होता: ‘साधनं विलक्षण, पण प्रश्न दिसत नाही.’ तिसऱ्या अर्जात मी पहिल्या पानावरची प्रबंधाची सगळी भाषा खोडली आणि दफ्तरातल्या एका बाईपासून सुरुवात केली. नवरा वारलेला, दीर वतन मागतोय, आणि ती सरकारात अर्ज करते आहे की दत्तक मी घेईन, शिक्का माझ्याकडे राहील. तो अर्ज तिने कुणाकडून लिहून घेतला, त्यातले शब्द तिचे किती आणि लेखनिकाचे किती, एवढाच माझा प्रश्न होता. दहा महिने त्यावरच मिळाले.